'आणि पार्टी' या दोन शब्दांत मावलेली माणसे

प्रति,
महाराष्ट्रातील छोट्या कॅसेट कंपन्यांचे मालक, भागीदार आणि त्यांचे वारस यांस

सप्रेम नमस्कार.

१९८४ ते २००३ या काळात पुण्याच्या बुधवार पेठेत मी एक लहान कॅसेट कंपनी चालवली. आपल्यापैकी पुष्कळांशी माझी त्या काळातली ओळख आहे. आपण एकाच छापखान्यात इनले कार्डे, म्हणजे कॅसेटीच्या डबीतले छापील कागद, छापून घेतली, एकाच व्यापाऱ्याकडून रिकाम्या कॅसेटी आणि फितीचे पॅनकेक, म्हणजे सुट्या फितीची मोठी गुंडाळी, उचलले, आणि आषाढीला पंढरपुरात, चंपाषष्ठीला जेजुरीत, सहा डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीबाहेर शेजारी शेजारी पथारी मांडून माल विकला. त्या ओळखीच्या आधाराने हे पत्र लिहीत आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे मागायचे आहे ते तिच्यासाठी नाही.

जुना संग्रह एकगठ्ठा विकत घेऊन ऑनलाइन प्रसिद्ध करण्याचे प्रस्ताव आपल्यापैकी अनेकांकडे आले असतील. माझ्याकडेही असा एक प्रस्ताव आला आणि त्यासोबत भरून पाठवायचा एक तक्ता आला. त्यात गाण्याचे शीर्षक, गायक, अल्बम, प्रसिद्धीचे वर्ष आणि हक्कधारक असे पाच रकाने होते. माझ्या एकशे बेचाळीस कॅसेटींचा तक्ता भरायला मी बसलो, आणि पहिल्या दहा-बारा ओळी लिहून झाल्यावर माझा हात थांबला. ढोलकी कोणाची, हलगी कोणाची, पेटीवर कोण, झील कोणी धरली, म्हणजे मागून साथीचा सूर कोणी लावला, यांपैकी एकाही गोष्टीला त्या तक्त्यात जागा नव्हती. प्रस्ताव पाठवणाऱ्यांना मी दोष देऊ शकलो नाही, कारण ती माहिती मागण्याइतपत सुगावा त्यांना माझ्या इनले कार्डांवरूनही लागला नसता. मुख्य गायकाचे किंवा फडाच्या मालकिणीचे नाव आणि त्यापुढे 'आणि पार्टी', एवढेच त्या कार्डांवर होते. आपल्या सर्वांच्या कार्डांवर तेच होते. एकोणीस वर्षे मी ते दोन शब्द छापत आलो, आणि त्यांच्यामागे किती माणसे उभी होती हे मी त्या दिवशी पहिल्यांदा मोजायला घेतले.

ती नावे आता एकाच ठिकाणी सापडतात, आणि ते ठिकाण म्हणजे मानधनाची वही. रेकॉर्डिंग संपल्यावर पहाटे स्टुडिओच्या पायरीवर बसून आपण जी व्हाउचरे लिहीत असू, रसीदी तिकिटावर ज्या सह्या आणि जे अंगठे घेत असू, तो कागद हीच त्या रात्री कोण कोण हजर होते याची एकमेव लेखी नोंद आहे. प्राप्तिकराच्या हिशेबापलीकडे तिचा काही उपयोग असेल असे आपल्याला वाटले नाही. म्हणून दुकान बंद करताना बहुतेकांनी आधी वह्या रद्दीत घातल्या आणि फिती माळ्यावर ठेवल्या. माझ्या वह्यांपैकी निम्म्या तरी शिल्लक आहेत, तेही माझ्या पत्नीने कागद फेकू दिला नाही म्हणून.

यात कायद्यानेही आपल्याला एक सवय लावली, असे मला वाटते. स्वामित्वहक्क कायद्यात १९८४ साली कलम ५२अ आले. ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे नाव व पत्ता, हक्कधारकाचे नाव व पत्ता आणि प्रथम प्रसिद्धीचे वर्ष हे कॅसेटीवर आणि वेष्टनावर छापणे त्याने बंधनकारक केले. नकली कॅसेटींना आळा घालण्यासाठी ते आवश्यक होते आणि आपण ते पाळले. कायद्याने सांगितले तेवढे छापून झाल्यावर उरलेल्या बोटभर जागेत आपण देवाचे किंवा नर्तकीचे चित्र मोठे केले. वादकांची नावे छापू नका असे कोणीच सांगितले नव्हते. सहा नावांना कार्डाच्या मागच्या बाजूच्या दोन ओळी पुरल्या असत्या, आणि छपाईचा खर्च एका पैशाने वाढला नसता.

त्या रात्रींचे थोडे वर्णन करतो, कारण आपल्या मुलांना त्या ठाऊक नाहीत. दिवसा स्टुडिओ परवडत नसे आणि रस्त्याचा आवाज आत येई. म्हणून आम्ही रात्री दहानंतरची वेळ घेत असू. तमाशाचा हंगाम संपून फड नारायणगावला परतले की कलावंत मोकळे असत. तेथून एस.टी.ने किंवा टेंपोने मंडळी येत, येताना भाकरी बांधून आणत. हलगी शेकायला विस्तव लागतो आणि स्टुडिओच्या आत विस्तव पेटवता येत नाही. त्यामुळे बाहेरच्या अंगणात शेगडी ठेवलेली असे आणि दर दोन गाण्यांनंतर हलगीवाला बाहेर जाऊन कातडे तापवून येई. पावसाळी हवेत ढोलकीचा स्वर उतरला की सगळे थांबत, आणि ढोलकीवाला हातोडी घेऊन तो पुन्हा चढवेपर्यंत कोणीही घाई करत नसे. दोनच ट्रॅकचे यंत्र होते. चुकलेला तुकडा वेगळा गाऊन नंतर जोडण्याची सोय नव्हती. एकाचे चुकले की सर्वांनी पहिल्यापासून म्हणायचे. पाव इंची स्पूल सेकंदाला एकोणीस सेंटीमीटर वेगाने फिरत असे, आणि फीत महाग असल्यामुळे तालीम फितीवर घ्यायची नाही हा माझा नियम होता. आज त्याच नियमाचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते. तालमीच्या वेळी ही माणसे एकमेकांना नावाने हाका मारत असत. फीत सुरू केल्यावर स्टुडिओत शांतता होई आणि त्या हाका फितीबाहेर राहत.

आणखी एका गोष्टीची कबुली द्यायची आहे, आणि ती आपल्यालाही लागू असेल असे मला वाटते. साठ मिनिटांच्या कॅसेटीत एका बाजूला तीस मिनिटे बसतात. बैठकीची लावणी किंवा पोवाडा तीस मिनिटांच्या हिशेबाने रचलेला नसतो. बाजू भरत आली की मी शाहिराला शेवटचे कडवे गाळायला सांगत असे, कारण मधली कडवी गाळली तर कथा तुटे आणि शेवटचे गाळले तर ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नसे. पण आपल्या परंपरेत कवीचे नाव शेवटच्या कडव्यातच असते. अभंगात 'तुका म्हणे' येते ते अखेरीस. पठ्ठे बापूरावांची लावणी त्यांच्या नावाने मिटते. वामनदादा कर्डकांनी गावोगावच्या गायकांना दिलेल्या गीतांत 'वामन' हे नाव बहुधा शेवटच्या अंतऱ्यात येते. पुस्तक नाही, छापील कागद नाही, अशा वाटेने शेकडो वर्षे रचना हिंडत असताना कवीचे नाव टिकून राहावे म्हणून ही नाममुद्रा शेवटच्या कडव्यात गुंफली गेली. मी कात्रीने ती कापली आणि कार्डावर 'पारंपरिक' असे छापले. माझ्या यादीतल्या किमान नऊ रचना अशा आहेत की त्या पारंपरिक नाहीत, त्यांचे कवी तेव्हा हयात होते, आणि त्यांपैकी दोघे तर रेकॉर्डिंगच्या रात्री खोलीत उपस्थित होते.

ध्वनिमुद्रणाच्या अगदी आरंभी ही चूक होत नव्हती. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेडरिक गाइसबर्ग लंडनहून कलकत्त्याला आले आणि त्यांनी गायिका गौहरजानची गाणी मुद्रित केली. त्या तबकड्यांत सुमारे तीन मिनिटांचे गाणे संपताना तिने आपले नाव स्वतः उच्चारलेले ऐकू येते. मूळ मुद्रणे छापण्यासाठी जर्मनीत हानोव्हरला जात आणि तिथल्या कारागिरांना लेबलासाठी नाव कळावे म्हणून ही पद्धत पडली असे सांगितले जाते. कारण काहीही असो, लेबल निघून गेले, कव्हर फाटले, तरी ती कोण हे तबकडीच सांगते. तीन मिनिटांत त्यांना नावाला जागा सापडली आणि आपल्याला साठ मिनिटांत सापडली नाही, हे मला फार लागते.

आपल्या काळात, आपल्याच गावात, हे काम नीट करणारेही होते. गी पॉइट्व्हां आणि हेमा राइरकर यांनी पुण्याहून जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह उभा केला, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. ओवी म्हणणाऱ्या बाईचे नाव आणि तिचे गाव ते टिपून ठेवत गेले. ज्या बायकांना घरातही नावाने हाक मारली जात नसे, त्यांची नावे त्या संग्रहामुळे आज वाचता येतात. त्यांना काही विकायचे नव्हते आणि आपल्याला विकायचे होते, असे कोणी म्हणेल. पण नाव लिहिण्याने आपली एकही कॅसेट कमी खपली नसती.

पैशाविषयी थोडक्यात लिहितो. मी एकरकमी मानधन देत असे. १९८९च्या एका व्हाउचरवर ढोलकी एकशे पंचवीस रुपये, पेटी शंभर, हलगी पंच्याहत्तर, झील दोघींना मिळून साठ, असे माझ्याच अक्षरात आहे. ती कॅसेट पुढे तीन जत्रांच्या हंगामांत अकरा हजार खपली. त्या ढोलकीवाल्याने आणखी काही मागितले नाही आणि मीही दिले नाही. एका कॅसेटीत आलेला पैसा पुढच्या तीन कॅसेटींच्या तोट्यात जाई हे खरे आहे. तरीही अकरा हजारांच्या हिशेबात त्याचे काही असायला हवे होते, हे मला तेव्हाही समजत होते. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून लिहून काढून घेता येणार नाही असे ठरवले आणि व्यावसायिक वापरात सादरकर्त्यांनाही रॉयल्टीचा अधिकार मान्य केला. आपल्या जुन्या करारांना ते कितपत लागू होते हे वकिलांना विचारावे लागेल. पण ज्याचे नावच नोंदवलेले नाही, त्याच्यापर्यंत कोणताही कायदा आणि कोणतेही पैसे पोचणार नाहीत, हे समजायला वकील लागत नाही.

दुसरीकडे आपला हक्क मात्र लांब आयुष्याचा आहे. प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे ध्वनिमुद्रणाचा हक्क चालतो. म्हणजे १९८७ साली काढलेल्या कॅसेटीचा हक्क २०४७ संपेपर्यंत आपल्या वारसांकडे राहील. त्या वेळी आपण नसू, आणि त्या रात्री स्टुडिओत असलेले बहुतेक कलावंत तर आजच नाहीत. हक्क पोचेल आणि नावे पोचणार नाहीत, अशी ही परिस्थिती आहे.

फितींची स्थिती आपण जाणताच, तरी वारसांसाठी लिहितो. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ साली चुंबकीय फितींबाबत जगभर इशारा दिला. चालू स्थितीतली यंत्रे, सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारी माणसे संपत आल्यामुळे २०२५च्या सुमारास जुन्या फिती नियमितपणे वाजवणे बहुतेक ठिकाणी अशक्य होत जाईल, असा त्याचा आशय होता. ती वेळ येऊन ठेपली आहे. माझ्या १९९६नंतरच्या मूळ प्रती डॅटवर, म्हणजे छोट्या डिजिटल फितीवर, आहेत आणि त्यांची अवस्था स्पूलपेक्षा वाईट आहे, कारण ती यंत्रे बनणे २००५ सालीच थांबले. कोकणात आणि मुंबईत ज्यांचे माळे आहेत त्यांच्या फितींवर पांढरी बुरशी आली असेल. ती फीत उत्साहाने यंत्रावर चढवू नका. बुरशी यंत्रात जाते आणि पुढच्या फितीलाही लागते. काही फितींचा लेप ओलावा शोषून चिकट झालेला असतो. अशी फीत हेडवरून ओढली की लेपच, म्हणजे गाणेच, खरवडून निघते. ती नियंत्रित उष्णतेत वाळवून एकदा वाजवता येते, पण ते जाणकाराचे काम आहे, घरच्या ओव्हनचे नाही. स्पूल आडवे रचू नका, उभे ठेवा. डबा फेकू नका आणि डब्यावर पेन्सिलने जे काही खरडले आहे त्याचा फोटो आधी काढा. डिजिटल प्रत करून घेणार असाल तर चोवीस बिट, शहाण्णव किलोहर्ट्झची वेव्ह फाइल मागा. एमपीथ्रीवर समाधान मानू नका.

मात्र हे सर्व काम यंत्र आणि पैसा असलेला कोणीही माणूस पाच वर्षांनी, कदाचित दहा वर्षांनीही, काही अंशी करू शकेल. नावांचे काम फक्त आपण करू शकतो, आणि तेही आपण जिवंत असेपर्यंतच.

ते कसे होते हे मी गेल्या दोन वर्षांत पाहिले. वह्यांतून नावे उतरवून झाल्यावर ज्या कॅसेटींची व्हाउचरे सापडली नाहीत, त्या घेऊन मी एका वृद्ध पेटीवादकाकडे गेलो. ऐंशी-नव्वदच्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या बहुतेक फडांत त्यांनी साथ केली होती. त्यांना दिसत नाही, पण ऐकू उत्तम येते. मी गाणे लावले की ते गाण्याकडे लक्षच देत नसत. सुरुवातीचा ढोलकीचा तोडा ऐकून, अंतऱ्यापूर्वीचे उठाण ऐकून, वादकाचे नाव, त्याचे गाव, त्याचा गुरू कोण, असे सर्व सांगत. एका ठिकाणी ते म्हणाले की हा माणूस डाव्या हाताने वाजवणारा आहे, आणि मला एकदम तो माणूस आठवला, त्याच्यासाठी मायक्रोफोनची जागा आम्ही बदलली होती हेही आठवले. आठ बैठकांत एकोणतीस कॅसेटी झाल्या. नववी बैठक ठरली होती तेव्हा ते रुग्णालयात होते. आता बरे आहेत, परंतु मी ती आठ बैठकांची कामे दहा वर्षे आधी का केली नाहीत, हा प्रश्न मला पडल्याशिवाय राहत नाही.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे. व्हाउचरे, डायऱ्या, स्टुडिओची बिले, कलावंतांची पत्रे, फडांच्या सुपारीचे, म्हणजे कार्यक्रम ठरवल्याचे, कागद, जे असेल ते शोधा आणि प्रत्येक कॅसेटीपुढे त्या रात्रीच्या सर्व माणसांची नावे लिहा. खात्री नसेल तेथे 'बहुधा' असे लिहा. कोरे ठेवण्यापेक्षा ते बरे. ज्यांची पूर्ण नावे ठाऊक नाहीत त्यांची हाक मारायची नावे आणि गावे लिहा. टोपणनावावरूनही नारायणगावात किंवा मोडनिंबला माणूस सापडतो, हे मी अनुभवले आहे. हयात वादकांना गाणी ऐकवा आणि ते जे बोलतील ते मोबाइलवर मुद्रित करा. संग्रह विकायचा असेल तर जरूर विका, आपल्यालाही संसार आहेत, परंतु नावांची यादी कराराचा भाग करा आणि ती प्रसिद्ध होईल असे त्यात लिहून घ्या. तक्त्यात रकाना नसेल तर तो घालायला लावा. मी आग्रह धरला तेव्हा तो घातला गेला. डिजिटल फाइलच्या आतही माहिती लिहिता येते, ती तेथेही लिहा. मी आणखी एक गोष्ट करतो. मूळ फाइलला हात न लावता तिच्यासोबत एक मिनिटाची वेगळी फाइल ठेवतो आणि तीत ती सर्व नावे माझ्या आवाजात वाचतो. गौहरजानने जे स्वतः केले ते या कलावंतांच्या वतीने, पस्तीस वर्षे उशिरा, मी करतो आहे.

आपली फीत आणि वही एकत्र राहिली पाहिजे, हेही सांगायचे आहे. पुण्यात चित्रपटांसाठी १९६४पासून राष्ट्रीय संग्रहालय आहे. १९५४च्या कायद्याने पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना द्यावी लागते, त्यात मुंबईचेही ग्रंथालय आहे. कॅसेटीसाठी तसे बंधन कधीच नव्हते. त्यामुळे आपल्या माळ्याशिवाय तिची प्रत कोठेही असेल याची खात्री नाही. हरियाणात गुरुग्राम येथे लोकसंगीताच्या ध्वनिमुद्रणांचे १९८२ साली स्थापन झालेले अभ्यासकेंद्र आहे. मुंबईत १९९०पासून तबकडी-संग्राहकांची संस्था काम करते. अशा कोणाकडेही देताना फिती एकीकडे आणि वह्या दुसरीकडे जाऊ देऊ नका. वेगळ्या झाल्या की एक मुकी होते आणि दुसरी निरर्थक.

माझ्या यादीत आज चारशे सहा नावे आहेत. सत्तावीस जागा अजून रिकाम्या आहेत आणि त्यांतल्या एका जागेविषयी आपल्याला विचारतो. फेब्रुवारी १९८९, पुणे, रात्रीचे रेकॉर्डिंग, गण, गौळण आणि सहा लावण्यांची कॅसेट. व्हाउचरवर 'झील – दोन बायका – ६० रुपये' एवढेच आहे आणि दोन अंगठे आहेत. पहिल्या बाईचे नाव पेटीवादकांनी सांगितले. दुसरीचा आवाज वरच्या पट्टीत, किंचित खरखरीत आहे, आणि दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या लावणीत ध्रुपदावर परतताना ती सर्वांच्या अर्धी मात्रा आधी सुरू होते. मी तेव्हा ते पुन्हा घ्यायला लावणार होतो, पण फडाच्या बाईंनी राहू द्या म्हटले. ती उंच होती, सोबत चार-पाच वर्षांचा मुलगा होता आणि तो रात्रभर पेटीच्या रिकाम्या खोक्यात झोपला होता. त्या वर्षी आपल्यापैकी कोणाकडे तिने झील धरली असेल आणि आपल्या वहीत तिचे नाव असेल, तर कृपया मला कळवावे.

आपला नम्र,
बुधवार पेठेतील एक जुना कॅसेट व्यावसायिक
पुणे